शब्द टाकणार नाही

रविवारी तुम्ही सातजण आलात. शाल आणलीत, नारळ आणलात, पेढ्यांचा बॉक्स आणलात, वाकून नमस्कार केलात. घरात सून होती, नातवंडं होती, म्हणून मी गप्प बसलो. घरी आलेल्या माणसावर आवाज चढवायचा नाही, एवढं पथ्य मी आयुष्यभर पाळलं. पण तुम्ही गेल्यावर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून हे लिहायला बसलो आहे. सातही जणांनी वाचायचं. एकाने वाचून बाकीच्यांना सारांश सांगायचा, ही वर्गातली जुनी सवय इथे चालणार नाही.

निघताना तुमच्यातला एकजण मागे रेंगाळला. चपला घालता घालता त्याने एक पाकीट माझ्या हातात दिलं. म्हणाला, "सर, हायकोर्टाच्या यादीत माझं नाव येईल असं कळलंय. दिल्लीत तुमचा तो विद्यार्थी मंत्र्यांच्या जवळ असतो. एक शब्द टाकला तर बरं होईल. वरून कुणी आडकाठी आणू नये, एवढंच." पाकिटात चार पानांचा बायोडाटा, फोटो आणि वर एक पिवळी चिठ्ठी. चिठ्ठीवर दिल्लीतल्या त्या मुलाचा मोबाइल नंबर, म्हणजे मला शोधायचीही तसदी नको.

पाकीट मी घेतलं, कारण त्या क्षणी तोंडातून शब्दच फुटला नाही. छत्तीस वर्षं कायदा शिकवला. न्यायमूर्ती व्हायचं म्हणून मंत्र्याच्या माणसाकडे शब्द टाकायला सांगणारा वकील माझ्याच हाताखालून गेला आहे, हे पचायला मला रात्र लागली. त्याहून जास्त टोचलं ते वेगळंच. तासाभरापूर्वी याच माणसाने, याच खोलीत, राजकारणी लोक न्यायालयं गिळायला निघालेत म्हणून तावातावाने भाषण केलं होतं, आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

अरे, ज्याला तू शब्द टाकायला सांगतोस, तो उद्या तुझ्याकडे शब्द मागणार नाही का? तू खुर्चीत बसलास, समोर एखाद्या साखर कारखान्याच्या निवडणुकीचं प्रकरण आलं, एखाद्या नेत्याच्या शिक्षणसंस्थेच्या जमिनीचं आलं, आणि आदल्या रात्री त्या मुलाचा फोन आला, तर तू काय सांगणार? तुझं तोंड आधीच बांधलेलं असेल. राजकीय हस्तक्षेप म्हणजे मंत्री बाहेरून दार फोडतो, असं चित्र तुम्ही रंगवता. दार फोडावं लागतच नाही. आतून कडी काढून देणारा कुणीतरी असतो, आणि तो बहुतेक वेळा काळा कोट घातलेला असतो.

आता तुम्हा दोघांकडे वळतो. एक सत्ताधारी पक्षाच्या विधी आघाडीत, दुसरा विरोधकांच्या. चहा गार होईपर्यंत भांडलात. एक म्हणत होता, २०१४ चा नियुक्ती आयोग परत आणा, न्यायाधीशांनीच न्यायाधीश नेमायचे ही कुठली पद्धत? दुसरा म्हणत होता, सरकारचा हात लागता कामा नये, ज्येष्ठ न्यायमूर्तींचं कॉलेजियम आहे तेच बरं. मला २०११ मधला माझ्या निवृत्तीचा समारंभ आठवला. तिथेही तुम्ही दोघे असेच भांडला होतात. तेव्हा दिल्लीत सरकार दुसऱ्या पक्षाचं होतं आणि तुमची मतंही बरोबर उलट होती. नेमणुकीची पद्धत तेव्हा होती तीच आजही आहे. खुर्चीवरची माणसं बदलली आणि तुम्ही दोघांनी बाजू बदलल्या. वर्गात अशा उत्तराला मी शून्य गुण दिले असते. हस्तक्षेपाबद्दल तुमची तक्रार नाहीच. तो दुसऱ्याने केला की तुम्हाला झोंबतो, एवढंच.

आणि तुमचे पक्ष? नियुक्ती आयोगाची ९९ वी घटनादुरुस्ती ऑगस्ट २०१४ मध्ये लोकसभेत आणि राज्यसभेत लागोपाठच्या दोन दिवसांत मंजूर झाली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एका रांगेत उभे होते. राज्यसभेत विरोधात एकही मत पडलं नाही, राम जेठमलानी तेवढे तटस्थ राहिले. न्यायाधीश निवडण्यात आपला हात असावा, यावर जवळपास सगळ्या पक्षांचं एकमत होतं. हे तुम्हा दोघांपैकी एकालाही आठवलं नाही, की आठवून गिळलंत?

पाठ विसरलात म्हणून पुन्हा सांगतो. नीट वाचा.

केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ चा. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. संसदेला घटनेचा मूळ गाभा मोडता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय सरन्यायाधीश होणार हे जाहीर झालं. तिघांचाही निकाल सरकारच्या विरोधात गेला होता. तिघांनी राजीनामे दिले. संसदेत मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी उघड समर्थन केलं, की न्यायाधीशाची विचारसरणी काय आहे हे सरकार पाहणारच. मग आणीबाणी. नऊ उच्च न्यायालयांनी, त्यात आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही आलं, कैदेतल्या माणसाला दाद मागण्याचा हक्क आहे असं म्हटलं. सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या नऊ न्यायालयांना खोटं ठरवलं. पाचांपैकी एकट्या हंसराज खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. त्याची किंमत त्यांनी जानेवारी १९७७ मध्ये मोजली. त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. बहुमतात पुण्याच्या आयएलएसमध्ये शिकलेले यशवंतराव चंद्रचूडही होते. पुढे सात वर्षं ते सरन्यायाधीश राहिले. मी हे कुणाला हिणवायला सांगत नाही. माझ्या पिढीच्या मराठी वकिलांना त्यांचा अभिमान होता, मलाही होता, आणि म्हणूनच त्या निकालाने आम्हाला जास्त दुखावलं.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही कधी लक्षात ठेवली नाही. उच्च न्यायालयात आधी अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून नेमतात, मग कायम करतात. मुंबई उच्च न्यायालयात उमेश रंगनाथ लळीत असेच अतिरिक्त न्यायमूर्ती होते. आणीबाणीत त्यांनी जामीन दिला. सरकारने त्यांना कायम केलं नाही. गाजावाजा नाही, हुकूम नाही, नुसती मुदत संपू दिली. माणूस परत वकिलीला लागला. त्यांचा मुलगा उदय लळीत ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाला, पण त्यामुळे बापाची खुर्ची परत आली का? शांतपणे मुदत संपू देणं हे हत्यार तेव्हापासून आजपर्यंत गंजलेलं नाही. आता त्याला फाइल दाबून ठेवणं म्हणतात.

त्या अनुभवातून वकिलांनी भांडून भांडून वाट काढली. मार्च १९८१ मध्ये कायदामंत्री शिवशंकर यांनी परिपत्रक काढलं, की अतिरिक्त न्यायमूर्तींनी दुसऱ्या राज्यात जायला संमती लिहून द्यावी. त्याविरुद्ध मुंबईत इक्बाल छागला आणि त्यांचे सहकारी उभे राहिले. तो खटला हरले. डिसेंबर १९८१ च्या त्या निकालाने शेवटचा शब्द सरकारच्याच हाती ठेवला. बारा वर्षांनी, ऑक्टोबर १९९३ मध्ये, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला आणि १९९८ मध्ये त्याला आजचं रूप आलं. सर्वोच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायमूर्ती, उच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश आणि दोघे. हेच तुमचं कॉलेजियम. घटनेत हा शब्द शोधून सापडणार नाही. आजार खरा होता, म्हणून औषध शोधलं. पण औषधाच्या बाटलीवर काहीच लिहिलेलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

कॉलेजियमवाल्या विद्यार्थ्याने आता कान उघडे ठेवावेत. पाच अतिशय व्यग्र न्यायमूर्ती, स्वतंत्र कार्यालय नाही, छाननी करणारा कर्मचारीवर्ग नाही, निकष छापलेले नाहीत, जाहिरात नाही, अर्ज नाही, नाव का गळलं याचं उत्तर नाही. न्यायमूर्ती निवडण्याची पद्धत ही देशातल्या सर्वांत गुप्त राखलेल्या गोष्टींपैकी एक आहे, असं निवृत्त न्यायमूर्ती रुमा पाल २०११ मध्ये तारकुंडे स्मृती व्याख्यानात म्हणाल्या होत्या, आणि त्या बाहेरून बोलत नव्हत्या. १२ डिसेंबर २०१८ ला कॉलेजियमची बैठक झाली. सर्वोच्च न्यायालयासाठी दोन नावं ठरल्याचं सगळीकडे छापून आलं. त्यातले एक, प्रदीप नांदराजोग, पुढे मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती झाले. १० जानेवारी २०१९ ला दुसरीच दोन नावं गेली. मधल्या चार आठवड्यांत काय घडलं, हे माहितीच्या अधिकारात विचारलं, तर ती चर्चा होती, निर्णय नव्हता, असं म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दार लावून घेतलं. बंद खोलीत सरकारला ढवळाढवळ करायला उलट सोपं जातं. लेखी काहीच नसेल, तर कुणाच्या फोनवर नाव बदललं हे सिद्ध कसं करणार? तुम्ही ज्या गुप्ततेला स्वातंत्र्याची तटबंदी म्हणता, तिच्याच आडोशाने माणसं आत शिरतात.

तुमच्यातली एक बाई बार रूममध्ये म्हणतात तसंच म्हणाली, "सर, आतल्या गोटातल्यांचंच होतं." ते 'अंकल जज' नावाचं दुखणं २००९ मध्ये विधी आयोगाने २३० व्या अहवालात लिहून ठेवलं आहे. २०१८ नंतर उच्च न्यायालयांवर नेमलेल्या शंभर न्यायमूर्तींमध्ये पंचाहत्तरहून जास्त सर्वसाधारण गटातले आहेत, ही माहिती सरकारनेच संसदेत दिली. अगं, मग तू हे चहाच्या कपावर का बोलतेस? बारच्या सर्वसाधारण सभेत का नाही बोललीस?

आयोगवाल्याने खूश होऊ नये, त्याची पाळी आली. तुझा २०१४ चा आयोग सहाजणांचा होता. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन प्रतिष्ठित व्यक्ती. त्या दोन व्यक्तींची व्याख्या काय? कायद्यात नव्हती. कायद्याशी ओळख असलीच पाहिजे, अशीही अट नव्हती. आणि सहांपैकी कुणीही दोघांनी नको म्हटलं की नाव बाद. म्हणजे कायदामंत्री आणि त्यांच्या मताचा एक प्रतिष्ठित माणूस मिळाला की तीनही न्यायमूर्तींची शिफारस केराच्या टोपलीत. १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मताने तो रद्द झाला, तेव्हा तू न्यायालयाला शिव्या घातल्यास. चेलमेश्वरांचा विरोधी निकाल तू मला फोनवर वाचून दाखवलास, बहुमताचा निकाल वाचलास का? आणि कॉलेजियमच्या कारभाराची नवी कार्यपद्धती सरकारने सरन्यायाधीशांशी बोलून ठरवावी, असं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने सांगितलं. ती दोघांच्या एकमताने अजून कागदावर उतरलेली नाही. दोन्ही बाजूंना मोकळीक हवी आहे, म्हणून उतरलेली नाही.

मोकळीक म्हणजे काय, ते मुंबईचंच उदाहरण घेऊन दाखवतो. सोमशेखर सुंदरेशन यांचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासाठी सुचवलं. सरकारचा आक्षेप असा, की त्यांनी समाजमाध्यमांवर सार्वजनिक विषयांवर मतं मांडली. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने आक्षेप फेटाळून नाव पुन्हा पाठवलं. १९९३ च्या निकालानुसार एकमताने पुन्हा आलेलं नाव सरकारला बंधनकारक. नेमणूक झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. पहिल्या शिफारशीपासून एकवीस महिने. त्यांची निदान झाली. सौरभ किरपाल यांचं नाव २०२१ मध्ये गेलं, २०२३ मध्ये कारणं देऊन पुन्हा गेलं, नेमणूक नाही. के. एम. जोसेफ यांनी २०१६ मध्ये उत्तराखंडातली राष्ट्रपती राजवट रद्द केली होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचं नाव आधी परत आलं, दुसऱ्यांदा पाठवल्यावर स्वीकारलं, पण शपथेच्या वेळी ते दोघांच्या मागे, म्हणजे ज्येष्ठता गेली. अकील कुरेशी यांची शिफारस मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्तिपदासाठी होती. फाइल अडली, शेवटी कॉलेजियमनेच त्यांना त्रिपुरा दिलं. कुरेशींच्या प्रकरणात कॉलेजियम वाकलं, हेही लिहून ठेवा, नाहीतर पुन्हा एकाच बाजूला दोष देऊन मोकळे व्हाल.

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठवडे मोजून मुदती घालून दिल्या. गुप्तवार्ता विभागाला चार ते सहा, सरकारला आठ ते बारा, दुसऱ्यांदा आलेल्या नावाला तीन ते चार. पाळल्या का? तुम्ही कोर्टात एक दिवस उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज करता, प्रतिज्ञापत्र लावता, समोरच्याचे टोमणे ऐकता. सरकार दोन दोन वर्षं काही बोलत नाही आणि त्याला कसलाही अर्ज करावा लागत नाही. उच्च न्यायालयांच्या मंजूर ११२२ जागांपैकी गेली काही वर्षं तीनशेच्या आसपास रिकाम्या राहतात. मुंबईच्या ९४ कधी भरलेल्या पाहिल्यात? तुमच्या पक्षकाराचं अपील पंधरा वर्षं का पडून आहे, असं त्याने विचारलं की तुम्ही त्याला 'बोर्डावर येईल' म्हणून सांगता. त्याला खरं कारण सांगायची हिंमत करा.

राजकारणाशी संबंध आला म्हणजे माणूस बाटला, असंही मी म्हणत नाही. कृष्ण अय्यर १९५७ च्या केरळच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते, आणि त्यांच्यासारखा न्यायमूर्ती पुन्हा झाला नाही. ज्यांना १९७३ मध्ये डावललं ते हेगडे पूर्वी काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. आपल्या अमरावतीचे भूषण गवई घ्या. वडील रा. सू. गवई रिपब्लिकन पक्षाचे मोठे नेते. २०२३ मध्ये राहुल गांधींचं प्रकरण समोर आलं, तेव्हा गवईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की माझे वडील काँग्रेसच्या जवळचे होते, भाऊ राजकारणात आहे, कुणाला आक्षेप असेल तर आत्ताच बोला. कुणी आक्षेप घेतला नाही, सुनावणी झाली. याला मी सचोटी म्हणतो. उलट बहरुल इस्लाम पाहा. राज्यसभेतून उच्च न्यायालयात, तिथून निवृत्त झाल्यावर सर्वोच्च न्यायालयात, बिहारचे तेव्हाचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रांना दिलासा देणाऱ्या निकालानंतर जानेवारी १९८३ मध्ये राजीनामा, आणि पुन्हा काँग्रेसतर्फे राज्यसभेत. २०२५ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या एका माजी प्रवक्त्यांची मुंबई उच्च न्यायालयावर नेमणूक झाली, तेव्हा तुमच्यापैकी अर्धे गळा काढून ओरडले, अर्धे त्यांचा जुना राजीनामा दाखवू लागले. पक्ष सोडल्यानंतर किती वर्षांनी नाव विचारात घ्यावं, याचा लेखी नियम असावा, असं एकालाही सुचलं नाही. त्या माजी प्रवक्त्या बाईंची पात्रता काय हा प्रश्न बाजूलाच राहिला, आणि तो त्यांच्यावरही अन्याय आहे.

निवृत्तीनंतरचं तेच. मोतीलाल सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या विधी आयोगाने १९५८ मध्येच, चौदाव्या अहवालात, निवृत्त न्यायमूर्तींनी सरकारी पदं घेऊ नयेत असं बजावलं होतं. त्या आयोगाचे सदस्य असलेले एम. सी. छागला त्याच वर्षी अमेरिकेत राजदूत म्हणून गेले. मुंबईच्या मुख्य न्यायमूर्तिपदावर अकरा वर्षं असलेला, आमच्या गुरूंनी ज्याचं नाव आदरानं घेतलं तो माणूस. मग रंगनाथ मिश्र १९९८ मध्ये काँग्रेसतर्फे राज्यसभेत, सदाशिवम २०१४ मध्ये केरळचे राज्यपाल, गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेत, अब्दुल नझीर महिना-सव्वा महिन्यात आंध्रचे राज्यपाल. कुणी कुठला निकाल कशासाठी दिला, हे मी सांगत नाही, मला तसा अधिकारही नाही. पण पक्षकाराच्या मनात शंका येते, आणि ती येऊ न देणं हेच त्या पदाचं काम आहे. गवईंनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही असं खुर्चीत असतानाच जाहीर केलं. एका माणसाच्या शब्दावर हे सोडू नका, कायद्यात लिहा.

संविधान सभेत २४ मे १९४९ ला हीच चर्चा झाली होती. तेव्हा इंग्लंडात नेमणूक मंत्रिमंडळाच्या हाती होती, अमेरिकेत तिला सेनेटची संमती लागे. बाबासाहेबांनी दोन्ही वाटा नाकारल्या. सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करा, ही सूचनाही नाकारली. त्यांचं म्हणणं असं, की सरन्यायाधीश कितीही मोठा असला तरी तोही माणूस आहे, त्यालाही माणसाचे राग-लोभ आणि पूर्वग्रह आहेत. सरकारवरही विश्वास टाकला नाही, न्यायमूर्तींवरही नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहून वागावं अशी मधली वाट त्यांनी घातली. तुम्ही दर १४ एप्रिलला कोल्हापूरच्या बिंदू चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालता. ते भाषण इंटरनेटवर फुकट आहे. सातांपैकी किती जणांनी वाचलंय? खोटं बोलू नका, मला कळतं.

आता माझ्या अभ्यासिकेतल्या एका मुलीबद्दल सांगतो. बाप एसटीत कंडक्टर. तीन वर्षं तालुका कोर्टात वकिली करून ती दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेला बसते आहे. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, ती तिने आनंदाने मान्य केली. लोकसेवा आयोगाची जाहिरात, पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. एका गुणाने गेली तर यादीत दिसतं. सर्वांत खालच्या कोर्टात बसायला तिला इतक्या चाळण्यांतून जावं लागतं, आणि तिचा निकाल उलटवणाऱ्या खुर्चीसाठी जाहिरातसुद्धा निघत नाही. तिने मागच्या महिन्यात विचारलं, "सर, हायकोर्टाचा फॉर्म कधी निघतो?" मी तिला काय सांगू? पिवळी चिठ्ठी लावलेलं पाकीट दाखवू?

फॉर्म निघू शकतो. इंग्लंडात २००६ पासून न्यायिक नियुक्ती आयोग आहे. पंधरा सदस्य, अध्यक्ष कायद्याच्या धंद्याबाहेरचा माणूस, जागा जाहीर होते, अर्ज येतात. दक्षिण आफ्रिकेत उमेदवाराची मुलाखत लोकांसमोर होते. ते मला पूर्ण पटत नाही, तिथे उलटतपासणीपेक्षा चिखलफेक जास्त होण्याचा धोका असतो. पण जागेची जाहिरात, छापलेले निकष, कायमचं कार्यालय, आलेल्या आणि नाकारलेल्या प्रत्येक नावाची लेखी कारणं, यात कुणाचं काय बिघडतं? आयोग हवाच असेल तर त्यात न्यायमूर्तींचं पारडं जड हवं, मंत्र्याला मत असावं पण नकाराधिकार नसावा, आणि बाहेरचे सदस्य निवडताना एकट्या पंतप्रधानांचं चालू नये. नाव पोचल्यापासून ठरलेल्या दिवसांत सरकारने लेखी आक्षेप घेतला नाही, तर नेमणूक झाली असं धरलं जावं. हा एवढा शेवटचा मुद्दा घटनेत बसला, तरी फाइल दाबण्याचा अर्धा धंदा बंद पडेल. यासाठी घटनादुरुस्ती लागेल, सोपं नाही, मला माहीत आहे. सोपं नाही म्हणून तुम्ही सुरूच केलं नाही.

आणि सोपं नसलेलं काम तुम्ही करून दाखवलं आहे, म्हणूनच माझा राग जास्त आहे. कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच व्हावं म्हणून सहा जिल्ह्यांतले वकील चाळीस वर्षांहून जास्त काळ भांडले. तुमच्यातले तिघे त्या उपोषणात होते, लाल फिती लावून कामापासून दूर राहिले, घरी पैसा येत नव्हता तरी राहिले. १८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं, तेव्हा मी काठी टेकत टेकत आलो होतो. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाचे म्हातारे पक्षकार पायऱ्यांवर बसलेले पाहिले आणि डोळ्यांत पाणी आलं. त्या इमारतीसाठी चाळीस वर्षं दिलीत. तिच्यात वर बसणारा माणूस कसा निवडला जातो, यासाठी चाळीस मिनिटं दिलीत का? एक ठराव? कायदा मंत्रालयाला एक पत्र?

तेव्हा असं करायचं. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडायचा. सूचक एका पक्षाचा, अनुमोदक दुसऱ्या पक्षाचा. हो, तुम्ही दोघेच. मसुदा मराठीत लिहून शुक्रवारपर्यंत माझ्याकडे आणायचा, दोघांनी एकत्र बसून लिहिलेला. ज्या वाक्यावर भांडण होईल तिथे खूण करून ठेवा, मी पाहीन. बाईंनी ज्या गोष्टी चहाच्या वेळी सांगितल्या, त्या तारखा आणि आकडे लावून सोबत जोडायच्या. ऐकीव काही नको.

आणि पाकीटवाल्या, तुझ्याबद्दल. तू वाईट वकील नाहीस. तुझी दोन प्रकरणं मी कोर्टात मागे बसून ऐकली आहेत. सफाई कामगारांच्या थकीत पगाराचं काम तू फी न घेता चालवलंस, ते तुझ्या बायोडाटाच्या चार पानांत कुठेच नाही. ते पहिल्या पानावर हवं होतं. त्याऐवजी कुठल्या मंत्र्याच्या हस्ते सत्कार झाला, ते तू ठळक अक्षरांत टाकलंस.

पिवळी चिठ्ठी मी फाडली. दिल्लीला फोन केलेला नाही, करणारही नाही. बायोडाटा टेबलावर पेपरवेटखाली ठेवला आहे. शुक्रवारी संध्याकाळी ये, स्वतःच्या हाताने घेऊन जा. येताना पेढे आणू नकोस.